न मोजलेली घसरण

बोलोन्यातल्या म्हाताऱ्या माणसांना कशाचंही साल विचारा, उत्तर फुटबॉलच्या वाटेनेच येतं. ‘धाकटीचं लग्न ना? बाज्जो आपल्याकडे होता, त्या वर्षी.’ ‘वडील गेले तेव्हा आपण सेरी सीमध्ये होतो, दुसऱ्यांदा.’ आमच्या साताऱ्याकडच्या गावात आजी एखाद्याचं वय ‘बहात्तरच्या दुष्काळातला’ असं सांगायची, तशीच ही मोजणी. सगळ्या गावाने मिळून सोसलेलं वर्ष कुणाला लिहून ठेवावं लागत नाही.

मी पुण्याहून संशोधनासाठी बोलोन्याला गेले आणि सारागोझ्झा भागात एका वृद्ध भावंडांच्या घरी भाड्याने राहिले. भावाला सगळी इमारत नोन्नो, म्हणजे आजोबा, म्हणायची, म्हणून मीही. त्यांच्या थोरल्या बहिणीला झिया, म्हणजे आत्या. नोन्नोंनी आयुष्यभर पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी केली होती. झिया त्यांच्याहून आठेक वर्षांनी मोठ्या, लग्न न केलेल्या, घराच्या कर्त्या. घरापासून चालत गेलं की मेलोंचेल्लोची कमान लागते. सान लुकाच्या टेकडीवरच्या देवळाकडे जाणारी ६६६ कमानींची ती प्रसिद्ध ओवरी तिथून चढू लागते, आणि जवळच मैदानाचा लाल विटांचा उंच मनोरा दिसतो. या दोन वृद्धांच्या स्वयंपाकघरात मी बोलोन्या फुटबॉल क्लबचा इतिहास ऐकला. ऐकत असताना तो पुरा वाटत होता. त्यात काय राहिलं होतं ते फार नंतर कळलं.

इटलीतल्या फुटबॉलची रचना शिडीसारखी आहे. वरची पायरी सेरी आ, तिच्याखाली सेरी बी, तिच्याखाली सेरी सी. दर हंगामाच्या शेवटी तळाचे संघ एक पायरी उतरतात आणि खालच्या श्रेणीतले अव्वल संघ वर चढतात. पूर्वपुण्याई इथे चालत नाही. सात वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला क्लबही एका वाईट हंगामानंतर अशा गावात खेळायला जातो, जिथे मैदानाच्या कुंपणापलीकडे मक्याची शेतं असतात. बोलोन्याच्या वाट्याला हे सगळं आलं आहे.

क्लबचा जन्म ३ ऑक्टोबर १९०९चा, रोन्झानी नावाच्या बिअरच्या दुकानात. जमलेल्यांमध्ये बोहेमियाहून आलेला एमिलियो आर्न्स्टाइन होता. पहिले अध्यक्ष झाले लुई राउख, व्यवसायाने दंतवैद्य आणि मूळचे स्विस. शहराबाहेरच्या प्राती दी काप्रारा या मोकळ्या माळावर लाल-निळ्या सदऱ्यांत पोरं खेळू लागली. बाहेरून आलेल्या माणसांनी इथल्या पोरांना सोबत घेऊन क्लब उभा केला, ही गोष्ट नोन्नो अभिमानाने सांगत. ‘आपलं शहर विद्यापीठाचं. इथे परका कुणी नसतो,’ असं म्हणून ते माझ्याकडे बघून मान हलवत. मला ते तेव्हा फार आवडायचं.

१९२५च्या पहिल्या विजेतेपदाची कथा त्यांना वडिलांकडून मिळालेली. वडील रेल्वेच्या कर्मशाळेत कामाला होते, तेव्हा विशीतले. उत्तर इटलीच्या अंतिम फेरीत बोलोन्यासमोर जेनोआ होता. जेनोआच्या नावावर तोवर नऊ विजेतेपदं होती आणि दहावं हातातोंडाशी आलं होतं. पहिला सामना जेनोआने जिंकला, दुसरा बोलोन्याने. तिसरा मिलानला झाला. जेनोआ दोन गोलांनी पुढे असताना बोलोन्याच्या एका फटक्यावर वाद पेटला. चेंडू जाळ्यात गेला की बाहेर, हे ठरायच्या आत प्रेक्षक मैदानात घुसले. काळ्या सदऱ्यांचे फॅसिस्ट त्यांत होते. बऱ्याच वेळाने रेफरींनी गोल दिला आणि सामना बरोबरीत सुटला. चौथा सामना तोरिनोत झाला, तोही बरोबरीत. परतताना पोर्ता नुओव्हा स्थानकात दोन्ही शहरांच्या गाड्या शेजारी उभ्या होत्या आणि बोलोन्याच्या गाडीतून गोळ्या सुटल्या. जेनोआचे काही समर्थक जखमी झाले. अखेर ९ ऑगस्टला मिलानमध्ये, सकाळी लवकर, प्रेक्षकांना बंदी घालून पाचवा सामना झाला. बोलोन्याने तो २-० असा जिंकला, आणि पुढे रोमच्या आल्बाला हरवून देशाचा विजेता ठरला. जेनोआचं दहावं विजेतेपद आजतागायत आलेलं नाही.

वडील ही कथा कशी सांगत? ‘बाबा गाडीत होते,’ नोन्नो म्हणाले. ‘त्यांनी सांगितलं की डब्यातल्या बाकाखाली सगळे पालथे पडले. ते नेहमी हसत सांगायचे. गोळी कुणी झाडली हे मात्र मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.’ वाक्य संपवून ते पुढच्या विजेतेपदाकडे वळले. त्या कथेतली ती गप्प जागा मला तेव्हा खटकली नाही.

पुढची वर्षं वैभवाची. १९२९मध्ये पुन्हा विजेतेपद. नवं भव्य मैदान बांधलं गेलं, फॅसिस्ट नेता लेआंद्रो आर्पिनाती याच्या पुढाकाराने. १९२६मध्ये मुसोलिनीने घोड्यावरून येऊन त्याचं उद्घाटन केलं. ऑस्ट्रियाचे हेर्मान फेल्स्नर यांनी संघाला शिस्त लावली. बोलोन्याचाच आंजेलो स्कियाव्हियो गोल करत राहिला. १९३४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, रोममध्ये, चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध जादा वेळेतला निर्णायक गोल त्याचा. त्याच सुमारास रेनातो दाल्लारा क्लबचे अध्यक्ष झाले. विणलेल्या कापडाचा धंदा करणारा हा काटकसरी माणूस तीस वर्षं त्या खुर्चीत बसला. युव्हेंतुसने ओळीने पाच वर्षं विजेतेपद राखलं होतं. ती साखळी १९३६मध्ये बोलोन्याने तोडली. १९३७मध्ये पुन्हा जिंकले. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनानिमित्त स्पर्धा भरली, तिच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या चेल्सीला बोलोन्याने ४-१ असं हरवलं. मग १९३९, मग १९४१.

नोन्नोंचा जन्म या वर्षांतला. त्यांच्या अंगाईत जणू त्या संघाची नावं होती. स्कियाव्हियो, रेगुझ्झोनी, आणि पळता पळता चेंडूवरून पाय फिरवून बचावपटूला चकवणारा आमेदेओ बियाव्हाती. लेखक-दिग्दर्शक पाझोलिनी बोलोन्यातच जन्मला. विद्यार्थी असताना तो याच काप्राराच्या माळावर तासन्‌तास खेळत असे आणि बियाव्हातीची ती चाल त्याने आयुष्यभर मनात जपली. ही नावं नोन्नो स्तोत्रासारखी म्हणत. त्या संघाला १९३६ आणि १९३७ ही दोन वर्षं जिंकवणारा प्रशिक्षक कोण, हे त्या स्तोत्रात नव्हतं.

१९६४ची गोष्ट मात्र त्यांची स्वतःची. ती सांगताना ते उठून उभे राहत. तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. प्रशिक्षक फुल्व्हियो बेर्नार्दिनी. मध्यभागी जाकोमो बुल्गारेल्ली, मेदिचिना तालुक्यातल्या खेड्याचा मुलगा, जो इटलीत दुसऱ्या कुठल्याच क्लबकडून खेळला नाही. जर्मन हेल्मुट हालर. डॅनिश हाराल्ड निल्सन. फेब्रुवारीत बोलोन्याने तोरिनोला ४-१ असं हरवलं आणि मार्चच्या सुरुवातीला बातमी आली की त्या सामन्यानंतरच्या तपासणीत पाच खेळाडू उत्तेजक घेतलेले आढळले. तो विजय काढून घेतला, वर एक गुण कापला, बेर्नार्दिनींवर बंदी आली. शहर रस्त्यावर उतरलं. बोलोन्यातल्या तीन वकिलांनी न्यायालयात धाव घेतली आणि नमुन्यांच्या राखून ठेवलेल्या दुसऱ्या कुप्या ताब्यात घेण्यात आल्या. त्या तपासल्या तर त्यांत उत्तेजकाचा मागमूस नव्हता. मे महिन्यात गुण परत मिळाले.

हंगाम संपला तेव्हा बोलोन्या आणि इंटर दोघांचे ५४ गुण. इंटर काही दिवसांपूर्वीच व्हिएन्नात रेआल माद्रिदला हरवून युरोपचा विजेता झाला होता. निर्णायक सामना ७ जूनला रोममध्ये ठरला. ३ जूनला दाल्लारा मिलानमधल्या फुटबॉल संघटनेच्या कचेरीत गेले. इंटरच्या अध्यक्षांशी बोलणं सुरू असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते तिथेच गेले. तीस वर्षं ज्या संघासाठी झिजले, त्याच्या सर्वांत मोठ्या सामन्याला चार दिवस उरले होते.

‘आम्ही कारखान्यातले सगळे रात्रीच्या गाडीने रोमला गेलो,’ नोन्नो सांगत. ‘कुणी गात नव्हतं.’ बेर्नार्दिनींनी जायबंदी आघाडीपटू पास्कुत्तीच्या जागी काप्रा हा बचावपटू अकरा नंबर देऊन उतरवला आणि इंटरच्या कडेच्या धावा बंद केल्या. उत्तरार्धात फोल्यीची फ्री किक फाकेत्तीला लागून आत गेली. मग निल्सनने दुसरा गोल केला. २-०. सेरी आचं विजेतेपद असं वेगळ्या निर्णायक सामन्यावर ठरण्याची ती एकमेव वेळ. नोन्नो डाव्या हाताची तर्जनी टेबलावर टेकवून काप्रा कुठे उभा होता ते दाखवत, उजव्या हाताने मिठाची डबी सरकवून निल्सनचा गोल. झियांनी किती वेळा ती डबी परत जागेवर ठेवली असेल! ‘शेवटचं,’ त्या म्हणत. ‘त्यानंतर नाही.’ खरंच त्यानंतर बोलोन्या देशाचा विजेता झालेला नाही. पुढच्या हंगामात युरोपियन कपमध्ये आंदरलेख्तशी बरोबरी सुटेना, तेव्हा बार्सेलोनात नाणं उडवून निकाल लावला. नाणं बोलोन्याच्या बाजूने पडलं नाही.

१९७० आणि १९७४मध्ये इटालियन चषक आला. मग उतार लागला.

खाली जाण्याच्या गोष्टी सांगायला नोन्नोंना मुळीच संकोच नव्हता. उलट त्यांत त्यांना एक प्रकारचा हुरूप यायचा. १९८२पर्यंत बोलोन्या कधीही वरच्या श्रेणीतून उतरला नव्हता. त्या हंगामात १६ वर्षांचा रोबेर्तो मान्चिनी संघात आला, त्याने नऊ गोल केले, तरी संघ बुडाला. बरोबर मिलानही खाली गेला होता, याचं तेवढंच समाधान. मान्चिनीला साम्पदोरियाला विकलं आणि पुढच्याच वर्षी बोलोन्या सेरी बीमधूनही घसरून सेरी सीमध्ये पोहोचला. त्याच १९८३ साली नगरपालिकेच्या मैदानाला रेनातो दाल्लारांचं नाव देण्यात आलं. ज्यांनी वैभव उभं केलं त्यांच्या नावाच्या मैदानावर तिसऱ्या श्रेणीचे सामने सुरू झाले.

‘तेव्हा आम्ही चुकवला नाही एकही सामना,’ नोन्नो म्हणत. ‘वरच्या श्रेणीत कोणीही जातं.’ १९८८मध्ये जिजी माइफ्रेदीच्या संघाने पुन्हा वर नेलं, १९९१मध्ये तळाशी राहून पुन्हा उतरले. १९९३मध्ये तर दिवाळंच निघालं. क्लब कर्जात बुडाला, सेरी सीमध्ये गेला, आणि ज्युसेप्पे गात्सोनी यांनी तो विकत घेऊन नव्याने उभा केला. फेर्राराचा स्पाल, कार्पी, फियोरेन्झुओला अशा आसपासच्या संघांशी गाठ पडू लागली. त्या काळात झियाही भावाबरोबर जात. मैदान लहान असलं की प्रशिक्षकाचं ओरडणं ऐकू येतं, खेळाडूच्या बुटाचा चेंडूवर पडणारा आवाज ऐकू येतो, हे त्यांनी मला सांगितलं. रेन्झो उलिव्हिएरींनी १९९५ आणि १९९६ अशी ओळीने दोन वर्षं श्रेणी जिंकून संघ सेरी आमध्ये आणला. तीन वर्षांत तळ ते शिखर. मग रोबेर्तो बाज्जो आला. वेणी कापून आला आणि १९९७-९८च्या हंगामात २२ गोल करून विश्वचषकाला गेला. १९९९मध्ये बोलोन्या युएफा चषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला आणि मार्सेयविरुद्ध शेवटच्या मिनिटांतल्या पेनल्टीने बाहेर पडला. २००५मध्ये शेजारच्या पार्माकडून हरून पुन्हा सेरी बी.

२०१४ची घसरण मी स्वतः पाहिली. इमारतीतल्या एका बिऱ्हाडाने बाल्कनीतला लाल-निळा झेंडा काढून आत नेला, तर झियांनी वरून ओरडून तो परत लावायला लावला. पुढच्या वर्षी वर चढण्यासाठीच्या लढतीतला पेस्काराविरुद्धचा परतीचा सामना बरोबरीत चालला होता. बरोबरी झाली तरी बोलोन्या वर जाणार होता, कारण हंगामात तो वरच्या क्रमांकावर होता. गोल खाल्ला की सगळं संपलं. अखेरच्या क्षणांत पेस्काराच्या आघाडीपटूचा फटका आडव्या दांड्यावर आदळला. स्वयंपाकघरात नोन्नोंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी त्यावर निळसर वळ होता. संघ वर गेला. रात्रभर गाड्यांचे भोंगे वाजत होते.

तर हे सगळं ते सांगत: गोळीबार, दिवाळं, तिसरी श्रेणी, नाणेफेक. काही लपवत नसत. म्हणूनच मला वाटायचं की या घरात मी बोलोन्याचा संपूर्ण इतिहास ऐकते आहे.

मला माझ्या थोरल्या आजोबांची आठवण तिथे वारंवार यायची. आजोबांचे मोठे भाऊ, मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. लहानपणी आम्ही त्यांना इटलीच्या गोष्टी सांगा म्हणून मागे लागायचो. ते थंडी सांगत, चिखलात रुतलेली खेचरं सांगत, एका शेतकरणीने विस्तवावर भाजून दिलेले चेस्टनट सांगत. नद्यांची नावं त्यांच्या जिभेवर मराठी होऊन बसली होती. सेनियो नदीचं नाव मी बोलोन्याच्या नकाशात वाचलं तेव्हा ते मला घरातलं वाटलं. बोलोन्यापासून गाडीने तासाभरावर ती वाहते, दोन्ही काठांवर मातीचे उंच बांध. ९ एप्रिल १९४५ला तिथे मराठा पलटणीने नदी ओलांडली. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या वर्षावात जखमी साथीदारांना पाण्यातून पाठीवर पलीकडे आणलं, एकट्याने मशीनगनची ठाणी गप्प केली आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या तुकड्यांना बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. बारा दिवसांनी, २१ एप्रिलला, बोलोन्या मुक्त झालं. फोर्लीला भारतीय सैनिकांची युद्धस्मशानभूमी आहे. तिथे आपल्याकडची आडनावं दगडात वाचताना पाय जागचे हलत नाहीत.

थोरले आजोबा सेनियो ओलांडण्याबद्दल कधी बोलले नाहीत. चेस्टनट सांगितले, नदी सांगितली नाही. मी हे एकदा स्वयंपाकघरात सहज बोलून गेले. रविवार होता. झिया तोर्तेल्लीनी वळत होत्या: पातळ लाटलेल्या पारीचे लहान चौकोन, मधोमध नखाएवढं सारण, चौकोनाचा त्रिकोण, त्रिकोणाची दोन टोकं करंगळीभोवती आणून चिमटीत दाबायची. त्यांचे हात बघितले तर डोळे मिटूनही हे करतील असं वाटे. त्या म्हणाल्या, ‘पोरी, आम्हीही नदी सांगितली नाही.’

मग त्यांनी सांगितलं. १९३८च्या शरदात शाळा सुरू झाली तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. वर्गातली एक मुलगी आली नाही. बाईंनी तिचं नाव हजेरीत घेतलं नाही आणि कुणी विचारलं नाही. त्या सप्टेंबरात फॅसिस्ट सरकारने वंशविषयक फर्मानं काढली होती. ज्यू मुलांना सरकारी शाळा बंद झाल्या, आणि १९१९नंतर इटलीत आलेल्या परदेशी ज्यूंना सहा महिन्यांत देश सोडायला सांगितलं. ‘त्याच वर्षी संघाचा प्रशिक्षकही गेला,’ झिया म्हणाल्या. ‘बाबा म्हणाले, फेल्स्नर परत येतोय, चांगलं आहे. गेला तो का गेला, हे आमच्या घरात कुणी बोललं नाही. पुढच्या वर्षी आपण पुन्हा जिंकलो.’ नोन्नो खाली बघत होते. त्यांनी मिठाची डबी हातात घेतली नव्हती.

त्या प्रशिक्षकाचं नाव आर्पाद वाइस. जन्म १८९६, हंगेरीतल्या सोल्त गावचा. स्वतः खेळाडू होता, जायबंदी झाल्यावर शिकवू लागला. १९३०मध्ये, सेरी आचा पहिलाच हंगाम, मिलानच्या आम्ब्रोझियानाला, म्हणजे आजच्या इंटरला, त्याने विजेतेपद मिळवून दिलं. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. त्याच वर्षी फुटबॉल कसा शिकवावा यावर त्याचं पुस्तक निघालं. खेळाडूंबरोबर स्वतः अर्धी चड्डी घालून मैदानात उतरून सराव घेणारा तो प्रशिक्षक होता. बोलोन्यात तो १९३५च्या सुरुवातीला आला. युव्हेंतुसची साखळी तोडणारा, पुन्हा जिंकणारा, पॅरिसमध्ये चेल्सीला धूळ चारणारा संघ त्याचा होता. मैदानाजवळच व्हाल्येरियानी रस्त्यावर तो बायको एलेना आणि रोबेर्तो, क्लारा या मुलांसह राहत असे.

फर्मानांनंतर, ऑक्टोबर १९३८मध्ये, त्याला पद सोडावं लागलं. जानेवारी १९३९मध्ये कुटुंब इटलीबाहेर पडलं. आधी पॅरिस, मग नेदरलँड्समधलं दोर्द्रेख्त. तिथल्या छोट्या क्लबला त्याने वरच्या श्रेणीत टिकवून धरलं. मग जर्मन फौजा तिथेही आल्या. ऑगस्ट १९४२मध्ये चौघांना अटक झाली. ऑक्टोबरमध्ये एलेना आणि मुलांना आउश्वित्समध्ये पोचताच मारण्यात आलं. रोबेर्तो बारा वर्षांचा होता, क्लारा आठची. वाइसला पोलंडमधल्या सक्तमजुरीच्या छावण्यांत राबवलं आणि ३१ जानेवारी १९४४ला आउश्वित्समध्येच त्याचा अंत झाला. इकडे बोलोन्याने १९३९ आणि १९४१ची विजेतेपदं मिळवली होती. १९३९चा हंगाम सुरू झाला तेव्हा संघाची सूत्रं वाइसकडेच होती.

युद्ध संपलं, शहर मुक्त झालं, क्लब पुढे गेला, आणि ते नाव साठ वर्षं जवळपास पुसलं गेलं. बोलोन्याचेच पत्रकार मात्तेओ मारानी यांनी माग काढला. जुन्या कागदपत्रांतून आणि मुलाच्या शाळासोबत्याच्या आठवणींतून धागा जुळत गेला, आणि २००७मध्ये त्यांचं पुस्तक आलं. २००९च्या जानेवारीत मैदानाच्या मनोऱ्याखाली वाइसच्या नावाची शिळा बसवली. पुढे प्रेक्षागाराच्या एका टोकालाही त्याचं नाव मिळालं. दुसऱ्या टोकाला बुल्गारेल्लीचं.

तो रविवार सरल्यावर मी नोन्नोंबरोबर त्या शिळेपर्यंत चालत गेले. ते म्हणाले, ‘मी लहान होतो.’ १९३८मध्ये ते वर्षाचे होते; खरंच त्यांचा काही दोष नव्हता. पुढे म्हणाले, ‘पण १९६४मध्ये मी लहान नव्हतो. रोमच्या गाडीत आम्ही जुन्या संघाची सगळी नावं घेतली. एकालाही याचं नाव आठवलं नाही. हेच माझ्या मनातून जात नाही.’

म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेल्या इतिहासावर माझं प्रेम आहे आणि ते तसंच राहील. पुस्तकात न सापडणारा बुटाचा आवाज, गाडीतल्या बाकाखालची धूळ, तळातल्या वर्षांतली जिद्द त्यांच्याकडेच मिळते. पण त्या रविवारपासून मी जाणते की अपयश सांगायला माणसं कचरत नाहीत. आपण गप्प राहिलो, ते सांगताना जीभ अडते. सेरी सीमध्ये गेल्याची गोष्ट सांगताना सांगणारा नेहमी निष्ठावंत ठरतो, म्हणून ती गोष्ट रंगते. १९३८च्या गोष्टीत सांगणाऱ्याच्या घराला असा मान मिळत नाही. बोलोन्याची सर्वांत मोठी घसरण गुणतक्त्यात पहिल्या क्रमांकावर असताना झाली, आणि तिचा एकही गुण कापला गेला नाही.

शहर ते शिकलं, असं मला वाटतं, आणि मनापासून वाटतं. २०१९च्या उन्हाळ्यात तेव्हाचे प्रशिक्षक सिनिशा मिहायलोविच, हेही परदेशातून आलेले, ल्युकेमियाने आजारी असल्याचं जाहीर झालं. शेकडो लोक त्यांच्यासाठी सान लुकाच्या कमानींखालून चालत देवळापर्यंत गेले. त्यांत नोन्नो पायथ्यापर्यंत होते. सप्टेंबरात ब्रेशाला हरवून परतलेले खेळाडू थेट सांत ओर्सोला रुग्णालयाच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले आणि गायले. मिहायलोविच डिसेंबर २०२२मध्ये गेले. पण कुणी जातंय आणि शहर बघत नाही, असं या वेळी झालं नाही.

मग २०२४ उजाडलं. थियागो मोत्ताच्या संघाने पाचवा क्रमांक मिळवून चॅम्पियन्स लीग गाठली, बार्सेलोनातल्या त्या नाणेफेकीनंतर प्रथमच. आणि १४ मे २०२५ला रोममध्ये मिलानला १-० असं हरवून बोलोन्याने इटालियन चषक जिंकला. गोल डॅन एन्डोयेचा. ५१ वर्षांनी हातात हा चषक आला. तोवर मी पुण्याला परतले होते. नोन्नोंनी फोन केला, आणि अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीही त्यांचा आवाज टेबलाजवळ उभं राहून बोलणाऱ्याचा होता. गोलाचं वर्णन पुरतं सांगून झालं. मग म्हणाले, पणतवंडाला संघाची यादी शिकवतो आहे, १९२५पासूनची, प्रशिक्षकांसकट. फेल्स्नर, वाइस, बेर्नार्दिनी. वाइसपाशी आलं की पोरगं विचारतं, मग त्याचं काय झालं, आणि नोन्नो सांगतात.

सेरी सीमधून सेरी आमध्ये परतायला बोलोन्याला तीन वर्षं लागली. वाइसचं नाव मैदानावर परतायला एकाहत्तर. पहिली वाट खेळाडूंनी चढायची असते. दुसरी, ज्यांच्याकडे गोष्टी आहेत त्यांनी. आणि पोरांनी विचारलेल्या प्रश्नापाशी न थांबता पुढचं वाक्य बोलून.